डहाणू रोडच्या फलाटावरून परदेशी रेल्वेकडे

डहाणू रोड स्थानकावर पहाटेच्या लोकलची वाट पाहणारी वयस्कर मंडळी आपण कधी निरखली आहेत काय? हातात तपासण्यांच्या अहवालांची पिशवी, सोबत मुलगा किंवा सून, आणि पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीला हातही न लावण्याचा निर्धार. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारहून डहाणूपर्यंत आली आणि मुंबईचे मोठे दवाखाने आम्हांला जवळ आले. परंतु चर्चगेट येथून सव्वाशे किलोमीटरवर आहे. प्रवास जवळजवळ तीन तासांचा आणि लोकलला शौचालय नाही. तलासरीला तर स्वतःचे स्थानकच नाही. तिथला रुग्ण आधी एस.टी.ने किंवा शेअर रिक्षाने इथवर येतो. साहजिकच तो घरून निघतानाच ठरवतो, आज लघवीची गोळी नको आणि पाणीही नको.

या सवयीचा परदेशातील रेल्वेपासाशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. संबंध आहे, आणि तो मी माझ्याच घरात शिकलो.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी युरोपात गेलो. सलग पंधरा दिवस चालणारा रेल्वेपास घेतला होता. दिवसागणिक हिशेब केला तर तो स्वस्त पडत होता, आणि पास घेतला म्हणजे तो वसूल झाला पाहिजे ही आपली वृत्ती! रोज नवे शहर, रोज बॅगा, रोज जिने. सहाव्या दिवशी आईचे घोटे सुजलेले दिसले. बसून बसून पाय सुजतात, असे मी डॉक्टर असूनही स्वतःला सांगितले. आठव्या रात्री तिला आडवे झोपवेना, दम लागू लागला. तेव्हा कळले की प्रवासाच्या प्रत्येक दिवशी ती लघवीची गोळी गुपचूप वगळत होती. गाडीत शौचालय होते, पण तिच्या मनात डहाणूची लोकल होती. त्या मुक्कामी उपचार करून आम्ही चार दिवस थांबलो आणि पासाचे उरलेले दिवस तसेच सरले. त्याची रुखरुख मला नाही; मी तिला एकदाही विचारले नाही याची आहे.

म्हणून पास निवडताना प्रथम वेळापत्रक पाहू नका, प्रकृती पाहा. युरोपातील तेहतीस देशांत चालणारा युरेल पास दोन प्रकारचा असतो. एक सलग दिवसांचा. दुसरा लवचीक, उदाहरणार्थ, एका महिन्यात आपल्या पसंतीचे कोणतेही पाच किंवा सात दिवस प्रवासाचे. ज्येष्ठांसाठी माझे मत निःसंदिग्धपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे. ताप आला, गुडघा धरला, नुसता कंटाळा आला, तरी हॉटेलात पडून राहिलेला दिवस पासातून वजा होत नाही. साठ वर्षांवरील प्रवाशाला या पासावर दहा टक्के सवलत मिळते. मार्च २०२० मध्ये आपल्या रेल्वेने ज्येष्ठांची सवलत थांबवली, ती अद्याप परतलेली नाही. त्यामुळे हे वाचून आमच्या दवाखान्यातले आजोबा हटकून एक उसासा टाकतात.

एक बारीक बाब. युरेल हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. युरोपात वास्तव्य करणाऱ्यांसाठी इंटररेल हा वेगळा पास आहे. मुलगा जर्मनीत राहत असेल आणि तोच सर्वांचे पास घरबसल्या काढणार असेल, तर स्वतःसाठी इंटररेल आणि आईवडिलांसाठी युरेल काढावा लागेल. शिवाय पास म्हणजे बसायची जागा नव्हे. फ्रान्स, इटली, स्पेन येथील वेगवान गाड्यांत पासधारकालाही पैसे भरून आसन राखून ठेवावे लागते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ही सक्ती नाही. तरीही वृद्ध सोबत असल्यास थोडे पैसे खर्चून आसन राखावे, आणि ते शौचालयाच्या जवळचे मागावे. स्थानकांवरील शौचालयांना बरेचदा पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी आजोबांच्याच खिशात असू द्या. दर वेळी सुनेकडे मागण्याचा संकोच हेही गोळी वगळण्याचे एक कारण असते.

केवळ स्वित्झर्लंड पाहायचे असेल तर स्विस ट्रॅव्हल पास सोयीचा. रेल्वे, बस, बोटी आणि पाचशेहून अधिक संग्रहालये त्यात येतात. त्यात ज्येष्ठांना सवलत नाही. युंगफ्राउयोखला जाताना तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंतच पूर्ण चालतो. पुढे फक्त भाड्यात सूट. ती सूट मिळते म्हणून वर जाऊ नका. ते स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे, तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एकतृतीयांश प्राणवायू कमी मिळतो, आणि आपण डहाणूकर तर समुद्रालगतच वाढलेलो. हृदय किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. खाली गावात बसून बर्फाचे शिखर पाहणे हेही पाहणेच आहे.

जपानचे गणित निराळे. आमच्या डहाणू-तलासरीच्या शेतांतून ज्या तंत्राची बुलेट ट्रेन जायची आहे (थांबणार मात्र बोईसरला आणि वापीला), ती शिंकान्सेन पाहण्याची पुष्कळांना हौस असते. जपान रेल पास सात, चौदा किंवा एकवीस सलग दिवसांचाच मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन पडतात. म्हणजे दोनतीन शहरे सावकाश पाहणाऱ्या कुटुंबाला सुटी तिकिटेच परवडतात, आणि रोज पळण्याचा मोहही टळतो. वाचलेल्या पैशांतून बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोहोचवणारी तिथली ताक्युबिन सेवा घ्या. त्या सहसा दुसऱ्या दिवशी मिळतात, म्हणून एका रात्रीची औषधे व कपडे हाताशी ठेवा. सर्दीची औषधे मात्र नेण्यापूर्वी तपासा. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. पासांचे दर आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी पुन्हा पाहावे.

लघवीची गोळी प्रवासात बंद करू नये. तिची वेळ पुढे ढकलता येते का, मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. सकाळी वजन करता आले तर उत्तम. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर ते तिथल्या चीजमुळे नव्हे, अंगात साठलेल्या पाण्यामुळे असू शकते. गाडीत तासातासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. इन्सुलिन हातातल्या पिशवीत असावे, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याची भीती असते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच. त्यात जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे ते मुलाने वाचून वडिलांना मराठीत सांगावे. गाडीत चढण्या-उतरण्यास मदत हवी असल्यास युरोपात रेल्वे कंपनीला साधारण एक दिवस आधी कळवावे लागते. ती मदत विनामूल्य असते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

मागच्या आठवड्यात तलासरीचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी दवाखान्यात आले. मुलाने पाठवलेला बेत त्यांनी पुढे केला. बारा दिवसांत नऊ शहरे. आम्ही तिघांनी बसून त्यांतली पाच खोडली आणि एका महिन्यातील पाच दिवसांचा पास ठरवला. बाईंनी जाताना हळूच विचारले, "डॉक्टर, तिथल्या गाडीत संडास नक्की असतो ना?" मी त्यांच्या औषधांच्या कागदावर, मूळ नावांच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहून दिले : लांबच्या गाडीत असतो, गोळी घ्यावी.