न छेडलेल्या तारा

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनापूर्वींची गोष्ट. नववींतील एक विद्यार्थी विजेची गिटार घेऊन सभागृहांत तालमीस बसला होता. ध्वनिवर्धकांतून स्वरांपेक्षां खरखर व करकरच अधिक येत होती. "हें वादन नव्हे, हा गोंगाट आहे," असें म्हणून मीं सर्वांदेखत त्याची तालीम थांबविली. त्यानें मुकाट्यानें वायर गुंडाळली.

चर्चच्या गायनवृंदाबरोबर मी वीस वर्षें साधी लांकडी गिटार वाजवीत आलों आहें. त्या अधिकारानें मी बोललों होतों. दुसऱ्या दिवशीं तो नम्रपणें म्हणाला, "सर, आपण एकदां वाजवून पाहावें." मीं वाजविलें, आणि गोंगाट दुप्पट झाला!

असें कां व्हावें? या वाद्याचा फाटका, भरदार नाद हवा असल्यास तारेपासून येणारी विद्युल्लहर इतकी वाढवितात कीं तिचे माथे छाटले जातात. मोठा आवाज त्यापुढें वाढूं शकत नाहीं. बारीक आवाज मात्र वाढतच राहतो. मग पिक घासल्याची करकर, बोट सरकल्याची किंचाळी, शेजारच्या मोकळ्या तारेचें गुणगुणणें, हीं सर्व स्वराच्या पंक्तीस येऊन बसतात. माझ्या हाताचे हेच दोष साध्या गिटारीवर वीस वर्षें कोणास ऐकूं आले नव्हते, इतकेंच.

आपल्या पुण्यांत १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तेथें तंबोऱ्याच्या मोकळ्या तारांच्या गुंजनावर गाणें उभें राहतें. मिरजेचे कारागीर जवारी लावतात ती त्याच गुंजनासाठीं. येथें सर्व उलट. सहांपैकीं एक तार वाजवितांना उरलेल्या पांच गप्प ठेवाव्या लागतात.

आम्हीं दोघांनीं अभ्यास आरंभिला. नाद फाडणारी कळ निम्म्यावर आणिली. पिकाचें केवळ टोंक तारेस लागावें. तें फार तिरपें धरल्यास जाड, वेटाळलेल्या तारांवर किसणीसारखें घासतें. उजव्या तळहाताची कड घोडीजवळ जाड तारांवर अलगद टेकवावी. डाव्या तर्जनीच्या टोंकानें शेजारची जाड तार व पोटानें बारीक तारा, न दाबतां, केवळ स्पर्शून ठेवाव्या. जागा बदलतांना बोट घसटत नेऊं नये. स्वर थांबतांच आवाज आपोआप बंद करणारें एक यंत्र मिळतें. परंतु स्वर चालूं असतांना झालेलें घासणें त्यास गाळतां येत नाहीं. तें काम हाताचेंच.

तीन आठवडे असे गेले. संमेलनाच्या आदल्या दिवशीं, त्याच सभागृहांत, त्याच मुलांसमोर मीं त्याची क्षमा मागितली. तो लाजला, आणि वाजवूं लागला. गत संपली तेव्हां त्याचा तळहात तारांवर टेकला, आणि अशी शांतता पसरली कीं बाहेर कडुनिंबावर ओरडणारा कावळा स्पष्ट ऐकूं आला.

विद्यार्थिमित्रहो, ज्याचा आवाज सभागृहभर पोंचतो, त्याची खरखरहि तितकीच दूर जाते. हें वादकानें ध्यानांत ठेवावें. शिक्षकानें तर विशेषच.