एका गल्ल्यावर दोन कॅशियर

वाणिज्य शाखेत पाऊल टाकले की पहिल्याच वर्षी एक धडा शिकवला जातो. जो माणूस रोकड हाताळतो, त्यानेच रोकडवही लिहू नये. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर असावी. हा धडा मनात इतका ठसतो की कोठेही एका माणसापेक्षा दोन माणसे बरी, अशी आपली समजूत होऊन बसते. पण त्याच धड्याचा दुसरा अर्धा भाग असा आहे की दोघांची कामे वेगळी हवीत. एकाच गल्ल्यावर दोन कॅशियर बसवले आणि दोघांच्याही हाती किल्ली दिली, तर संध्याकाळी शंभर रुपये कमी भरल्यावर जाब कोणाला विचारायचा? हा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो आणि संगणकाच्या बाबतीत तर हमखास विसरतो. एकाच संगणकावर दोन-दोन, तीन-तीन अँटिव्हायरस भरून ठेवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

अळणावरात माझ्या मामांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. गिऱ्हाईक कधी मराठीत बोलते, कधी कानडीत. मामा दोन्ही भाषांत भाव सांगतात आणि हिशेब मात्र संगणकात जातो. गेल्या वर्षी एका महिन्याच्या 19 तारखेला त्यांनी मला बोलावून घेतले. जी.एस.टी.चे मासिक विवरणपत्र 20 तारखेपर्यंत भरायचे होते. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज. "तू कॉमर्सची ना? बघ की जरा," मामा म्हणाले. संगणक सुरू होईपर्यंत मामींचा चहा होऊन, पिऊन, कपबशा विसळून झाल्या. हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायला गेले तर त्याची एक फाइलच जागेवर नाही!

पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एकीला एक लागून तीन ढाली दिसत होत्या. एक अँटिव्हायरस संगणकाबरोबरच आलेला, त्याची मुदत कधीच संपलेली. दुसरा दुरुस्तीवाल्याने पैसे घेऊन घातलेला. तिसरा मामेभावाने फुकट मिळतो म्हणून उतरवून घेतलेला. मामी म्हणाल्या, "त्यात काय बिघडलं? घराला आपण दोन कुलपं लावतोच की!"

मामींचा मुद्दा बिनतोड वाटतो; पण कुलूप आणि राखणदार यांत फरक आहे. कुलूप आपल्या जागी गप्प लटकते. त्याला शेजारच्या कुलपाशी काही देणेघेणे नसते. अँटिव्हायरस हा जागता राखणदार आहे. आपण कोणतीही फाइल उघडली की ती आपल्या हाती पडण्याआधी तो मध्ये उभा राहून तिची झडती घेतो. असे दोन राखणदार असले की पहिला झडतीसाठी फाइल उघडतो. दुसऱ्याला वाटते, कोणीतरी फाइल उघडत आहे, चला, तपासा. एका फाइलीसाठी दुप्पट खटाटोप होतो आणि संगणक धापा टाकू लागतो.

आमचे अळणावर हे रेल्वेचे जंक्शन आहे. हुबळी-लोंढा मार्गाला येथे दांडेलीकडच्या अंबेवाडीचा फाटा फुटतो. एकेरी मार्गावर जुन्या पद्धतीत चालकाच्या हाती टोकन पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे सोडत नसत. कारण रूळ एक, तर एका वेळी गाडीही एकच. फाइलीचेही तसेच आहे. एका प्रोग्रॅमने ती धरून ठेवली की दुसऱ्याला थांबावे लागते. दोघेही थांबले की पडदा गोठतो आणि आपण संगणकाला दोष देतो.

याहून मोठी अडचण संशयाची. विषाणू ओळखण्यासाठी अँटिव्हायरस आपल्याजवळ विषाणूंच्या खुणांची यादी बाळगतो. पकडलेली संशयित फाइल तो एका बंद कोठडीत ठेवतो. दुसऱ्या राखणदाराला ती यादी आणि ती कोठडी दिसली, तर तो त्या राखणदारालाच चोर ठरवू शकतो. शिवाय हे प्रोग्रॅम संगणकाच्या अगदी गाभ्याशी काम करतात, त्यामुळे त्यांची चूक साधी राहत नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीत एक सदोष सुधारणा गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एका राखणदाराच्या चुकीने एवढा अनर्थ होतो; मग गाभाऱ्यात दोन राखणदारांची झटापट कशाला लावून द्यावी?

कोणी विचारेल, मोठ्या बँकांना एकाहून अधिक लेखापरीक्षक असतात, ते कसे चालतात? चालतात, कारण कोणी काय तपासायचे याची वाटणी आधी लेखी होते. अँटिव्हायरसच्या धंद्यातच याचे चांगले उदाहरण आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकले. नव्वदीच्या दशकात संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि कैलास यांनी तो गिऱ्हाइकांपर्यंत नेला. त्यांच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे नाव 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि 2016 मध्ये कंपनीची नोंदणी शेअर बाजारात झाली. एका घरात दोन भाऊ होते, पण एकाच गल्ल्यावर नव्हते.

हीच वाटणी संगणकावर करता येते. सतत जागा राहणारा राखणदार एकच ठेवावा. दुसऱ्याचे मत हवेच असेल, तर जो बोलावल्यावरच येतो, तपासणी करतो आणि निघून जातो, असा तपासनीस वापरावा. विंडोजने तर ही शिस्त स्वतःच पाळली आहे. 2012 च्या विंडोज 8 पासून त्यात डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस अंगभूत असतो. विंडोज 10 आणि 11 मध्ये आपण दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस घातला, की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो आणि तो काढून टाकला, की पुन्हा कामावर रुजू होतो. अधूनमधून तपासणी करण्यापुरता त्याला ठेवण्याची सोयही सेटिंग्जमध्ये आहे. पण बाहेरून आणलेल्या दोघांचे भांडण मिटवायला तो येत नाही. तो निवाडा मालकानेच करायचा असतो.

मामांच्या दुकानी तो निवाडा आम्ही असा केला. आधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून घेतली. मग ठेवायचा एक ठरवला: पैसे भरलेला, मुदत शिल्लक असलेला. फुकटच्या अँटिव्हायरसची कोठडी उघडून पाहिली, तर हरवलेली फाइल त्यातच बसलेली! ठेवलेल्या अँटिव्हायरसकडून ती तपासून घेतली, हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या मदत केंद्राला फोन करून खात्री केली आणि मगच जागेवर आणली. त्यानंतर उरलेले दोन एकेक करून रीतसर काढले आणि प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मुदत संपलेला काढल्यावरही त्याचे काही अवशेष राहिले होते. त्यासाठी त्याच्याच कंपनीचे सफाईचे साधन वापरावे लागले. केवळ चिन्ह पुसले म्हणजे प्रोग्रॅम गेला असे होत नाही. शेवटी राहिलेल्याची यादी अद्ययावत करून सगळा संगणक एकदा तपासला. विवरणपत्र 20 तारखेच्या दुपारी भरले गेले.

मामेभावाला मात्र अजून पटलेले नाही. "एक चुकला तर?" असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे; एक चुकू शकतोच. पण त्या चुकीवरचा उपाय दुसरा राखणदार नसून हिशेबाची दुसरी प्रत आहे. ती संगणकाला कायम जोडलेली नसावी, कपाटात असावी. आता मामी दर शनिवारी दुकान बंद करताना पेनड्राइव्ह लावून प्रत काढतात आणि वहीत तारीख लिहून सही करतात. अंतर्गत तपासणीचा धडा त्यांनी कधी पुस्तकात वाचलेला नाही. पण आमच्या वर्गात तो त्यांच्याइतका नीट कोणी पाळत असेल असे मला वाटत नाही.