चाकातील ढील

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगत ज्यांचे बालपण गेले, त्यांना बेअरिंगचा प्रथम परिचय घडला तो खेळातून. कारखान्यांतून बाद झालेली गोळ्यांची बेअरिंगे भंगारवाल्याकडून मिळवून ती फळकुटाखाली चाकांच्या जागी ठोकायची आणि तो खडखडणारा गाडा उतारावरून सोडून द्यायचा, हा आमच्या पिढीचा सार्वत्रिक उद्योग होता. पोलाद इतक्या सहजतेने फिरू शकते याचा तेव्हा जो विस्मय वाटला, तो पुढे ठाण्यास, ज्या वागळे इस्टेटीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा १९६२ साली जन्म झाला तेथे नोकरीस लागल्यावरही ओसरला नाही. लेथच्या स्पिंडलमध्ये मी निमुळत्या रोलरांचे बेअरिंग प्रथम पाहिले, आणि गोळ्यांविषयीची माझी बालपणीची निष्ठा तेथेच डळमळली.

गोळी आपल्या मार्गाला जवळजवळ एका बिंदूत स्पर्श करते, रोलर रेषेत. म्हणून भार अधिक पेलतो. परंतु खरी प्रतिभा त्या निमुळतेपणात आहे. प्रत्येक रोलरच्या पृष्ठरेषा वाढवीत नेल्या, तर त्या साऱ्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात, आणि त्यामुळेच रोलर न घसटता केवळ लोळतात. हेन्री टिमकेन हा अमेरिकेतील घोडागाड्या बांधणारा कारागीर. वळणावर चाकास बसणारा बाजूचा रेटा त्याच्या नित्य परिचयाचा असणार. १८९८ साली त्याने ज्या रचनेचे पेटंट घेतले, ती वरचा भार आणि बाजूचा रेटा हे दोन्ही एकाच वेळी सोसते. मात्र रेटा एकाच दिशेचा सोसत असल्यामुळे चाकात ही बेअरिंगे परस्परांकडे तोंड करून जोडीनेच बसवावी लागतात.

पुढच्या चाकांत अशीच जोडी असलेली, शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीची पद्मिनी मोटार मी उतारवयात घेतली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्याइतकाच तिचा कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखाना आमच्या मुलुखाचा अभिमान होता. त्याच्या भोंग्यावर कित्येक घरांची चूल चालली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी नियमाबरहुकूम संपली, तरी खाजगी मालकांनी इमानेइतबारे जपलेल्या काही गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत.

माझ्या गाडीचे पुढचे हब कल्याणच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींनी उघडले, ते काम मी आद्यंत पाहिले. जुने कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, पितळी दांड्याने, आळीपाळीने समोरासमोर ठोकून बाहेर काढले. हब रॉकेलने धुऊन कोरडे केले. नवे कप तसेच ठोकीत नेता नेता अखेरीस आवाज बदलून भरीव झाला, तेव्हा कप तळाशी टेकल्याचे त्यांनी ओळखले. जुन्या कपात नवा कोन, म्हणजे रोलरांसह आतली कडी, घालण्याची तडजोड त्यांच्या दफ्तरी नाही. तळहातावर ग्रीस घेऊन कोनाची रुंद कडा त्यात दाबीत राहायचे, निमुळत्या बाजूने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. यास कितीही वेळ लागो, वरवर माखलेले ग्रीस त्यांना मान्य नसे.

आणि मग हब आसावर धरून ठेवणारा तो नट. चाक फिरवीत फिरवीत तो प्रथम घट्ट करावयाचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. नंतर पुरता सैल करून केवळ बोटांच्या जोराने पुन्हा टेकवावयाचा. घट्ट आवळलेले चाक सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात तेच घातक. कारण फिरता फिरता बेअरिंग तापते, तापून प्रसरण पावते, आणि जागा उरली नाही तर ग्रीस जळून रोलर कपाला चावतात. म्हणून साधारणतः मिलिमीटरचा विसावा ते दहावा हिस्सा एवढी ढील राखावयाची असते. डायल गेजने ती मोजता येते. मिस्त्री मात्र चाक वरखाली धरून हलवीत, डोळे मिटीत, आणि नट किंचित मागे घेऊन त्याची खाच आसाच्या छिद्रासमोर आली की नवी स्प्लिट पिन घालीत. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे त्यांना अधर्म वाटे. त्या हातांचा अंदाज मी नंतर गेजने पडताळून पाहिला, तो मर्यादेत होता. आपल्याकडे असे ज्ञान क्वचितच दाखल्यावर नोंदले जाते, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या चाकाचे काम त्यांनी हाताखालच्या मुलास सांगितले. नट नेमका किती मागे घ्यावयाचा, असे त्याने विचारले, तेव्हा मिस्त्रींनी त्याचे दोन्ही हात टायरवर ठेवविले आणि म्हणाले, "हलवून बघ, बाळा, आणि मला सांग."