गार

मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी पुस्तकांचे ढीग असावेत, ही लोकांची अपेक्षा रास्तच आहे. मिरजोळ्याच्या आमच्या घरी मात्र पाहुण्याला बसवायचे तर आधी खुर्चीवरचे दगड उचलावे लागतात. दगड म्हणजे स्फटिक. घरगुती भाषेत गारगोट्या. आणि मौज अशी, की मिरजोळ्याच्या सड्यावर जन्मभर हिंडले तरी यांतला एकही हाती लागायचा नाही.

इथे सगळा जांभा. तोही मूळचा काळा कातळच. पण पावसाने युगानुयुगे त्यातली सिलिका धुऊन नेली आणि मागे तांबडे लोह उरले. घाटावर सिलिकेने निराळाच संसार थाटला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत झिरपलेल्या पाण्यातून ती कणाकणाने साचली आणि सहा अंगांचे स्फटिक झाले. जळगाव-नाशिककडे विहिरीत सुरुंग उडाला की कधी कधी ही कोठारे उघडतात. पुष्कळांचा चुराडा होतो. वाचलेल्यांपैकी काही माझ्याकडे आले.

रोमन पंडित प्लिनी स्फटिकाला गोठलेले बर्फ समजे. त्याला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही. आपल्याकडे हा दगड गार, आभाळातून पडते तीही गार आणि माठातले पाणीही गारच!

आईने माझे हे वेड 'धोंडे' या एका शब्दात निकालात काढले होते. गेली चार वर्षे तिची दृष्टी जात चालली आहे. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. एका दुपारी तिने आपणहून हात पुढे केला. "दे बघू रे तुझा धोंडा." तिने तो गालाला लावला. काच थोड्या वेळात अंगाची ऊब धरते. गारगोटी ती ऊब भराभर ओढून घेते आणि गारच लागत राहते. मग तिचे नख अंगावरच्या बारीक आडव्या रेघांवरून फिरले. या रेघा निसर्गाच्या. घासून चकचकीत केलेल्या स्फटिकावरून त्या जातात. पुढे एका स्नेह्याने बाजारातला झगझगीत नमुना भेट आणला, तेव्हा आई म्हणाली, "ह्याला कुणीतरी इस्त्री केलीय."

आता नवा नमुना आला की दिव्याखाली धरण्याआधी मी तो तिच्या हाती देतो. परवा एकाचे टोक मोडलेले निघाले. मी तो बाजूला काढणार, तोच तिने मोडक्या कडेवरून अंगठा फिरवला, तो गालाला लावला आणि उशाशी ठेवून घेतला. माझ्या नोंदवहीत त्याचा क्रमांक अजून कोराच आहे.