गणोबाची मुशाफिरी

सरकारी कचेरीत टिपणे लिहून लिहून आमच्या लेखणीला एक खोड जडली आहे. कशाचेही गुणदोष सांगावयाचे म्हटले की ती प्रथम पूर्वपीठिका मागते. तेव्हा ती अशी :

'ड्रॅगन्स डॉग्मा' हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा खेळ २०१२ साली निघाला. संगणकावर तो येण्यास २०१६ उजाडले. त्या वर्षी आम्ही नोकरीच्या परीक्षेची तयारी करीत होतो, धाकटे बंधू अभियांत्रिकीला होते आणि घरात संगणक एकच होता. खेळात आपली मजल नोंदवून ठेवण्याची सोयही एकच. त्यामुळे आम्ही दोघे भाऊ मिळून एकच वीर पोसला. संध्याकाळी तो बंधूंचा, रात्री आमचा. सकाळी पाहावे तो आम्ही कष्टाने मिळविलेले चिलखत बंधूंनी विकून टाकलेले! भांडणे होत, पण ती चहापर्यंत टिकत नसत.

दुसरा भाग २२ मार्च २०२४ रोजी आला. तोवर आम्ही बोम्मसंद्र्याला आणि बंधू पुण्याला स्थायिक झालो होतो. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून आमचे बोलणे बंद पडले होते. हे भांडण काही केल्या चहापर्यंत मिटेना.

आता खेळाविषयी. दोष आधी सांगितलेले बरे. कथानक अशक्त आहे. तेच ते बुटके गॉब्लिन आणि तेच सरडेमानव पावलोपावली आडवे येतात. वर्नवर्थ या राजधानीत शिरले की माणसांच्या गर्दीने संगणक धापा टाकू लागतो. खेळाची पूर्ण किंमत घेऊन वर किरकोळ वस्तूही पैशाने विकावयास मांडल्या, याबद्दल पहिल्याच दिवशी बोभाटा झाला, आणि तो रास्त होता.

परंतु या खेळाचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी एक हट्ट धरला, त्यासाठी आम्ही त्यांना बरेच माफ करतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चुटकीसरशी जाण्याची सोय त्यांनी जवळजवळ नाकारली आहे. 'फेरीस्टोन' नावाचा एक महागडा खडा आहे, तो खर्चल्याखेरीज उडी नाही. एरवी पायी चालावे, नाही तर बैलगाडीत बसावे. होय वाचकहो, बैलगाडीच! गाडीत डुलकी लागते आणि डोळे उघडावेत तो भोवती दरोडा पडलेला. कधी पंखधारी ग्रिफिन वरून झडप घालतो आणि गाडीच्या फळ्या होतात. त्याच्या पाठीला चिकटून राहिलात, तर तो तुम्हांला घेऊन भलत्याच डोंगरावर उतरतो.

हे आम्हांला पटण्याचे कारण घराजवळचे आहे. कोरमंगलच्या कचेरीत आम्ही वर्षानुवर्षे होसूर रोडने बसमधून जात होतो. सिल्क बोर्डाच्या चौकात बस थांबली की अर्धी कादंबरी होई. शेजारच्या प्रवाशाच्या मुलीचे लग्न ठरून मोडलेलेही आम्हांला ठाऊक असे. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाले आणि आमच्या दारातला फेरीस्टोन स्वस्त झाला. त्या दिवसानंतरच्या प्रवासातले आम्हांला काहीही आठवत नाही. (म्हणून आम्ही पुन्हा बसने जाऊ, असे मात्र कोणी समजू नये.)

या खेळाचे खरे वैभव म्हणजे त्यातली प्यादी. प्रत्येक खेळाडूला एक सोबती घडविता येतो. आमच्या सोबत्याचे नाव गणोबा. आपण निजलो असता तो परक्या खेळाडूंच्या जगात नोकरीस जातो आणि तिथल्या वाटा शिकून येतो. परतताना यजमान त्याच्या हाती एखादी भेट देऊ शकतो. बदलीवर गेलेल्या कारकुनाचा जन्म जणू! मित्रांच्या यादीतून आमचे नाव बंधूंनी काढले नव्हते. आम्हीही त्यांचे काढले नव्हते. एके सकाळी गणोबा परतला. यजमानाच्या जागी बंधूंचे नाव होते आणि भेट होती सडके मांस.

आम्ही त्यांचे प्यादे बोलावून घेतले, दोन दिवस राबविले आणि तसेच मांस देऊन परत पाठविले. हा व्यवहार काही महिने चालला. मग एकदा गणोबाने फेरीस्टोन आणला. आम्ही तो खर्च केला नाही.

या खेळात प्याद्यांना जडणारा एक रोग आहे. तो एका प्याद्याकडून दुसऱ्याला लागतो. डोके दुखते असे ते म्हणू लागते, हुकूम मोडते, डोळे लाल चमकतात. हे ओळखले नाही आणि सरायीत निजलो, तर रात्रीतून ते सारे गाव मारून टाकते. गणोबा चार दिवस कुरकुरत होता. कचेरीतून थकून आलेल्या आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. पहाटे वर्नवर्थ रिकामे होते. भाजीवाली नाही, पहारेकरी नाही, ज्याचे काम अर्धवट राहिले होते तो म्हाताराही नाही. मागची नोंद पुसली गेली होती.

हा रोग गणोबाने कोठून आणला? तो नुकताच पुण्याहून आला होता. रागाच्या भरात आम्ही दीड वर्षानंतर बंधूंना फोन केला.

"दादा, माझ्याकडेच त्याचे डोळे लाल दिसले होते," ते म्हणाले. "तसाच परत धाडला."

"मग कळवायचे नाहीस?"

"कसे कळवणार होतो?"

बराच वेळ दोघेही गप्प होतो. मग त्यांनी विचारले, "गाव कोणते गेले?"

आम्ही सांगितले. त्यांचे बत्ताल देशातले एक गाव त्याच आठवड्यात गेले होते, आणि त्यांचा संशय आमच्यावर होता. पुढे अर्धा तास गावांवरच बोलणे झाले. घराचा विषय कोणीच काढला नाही. खेळ सुरू होताना नावापुढे दोनाचा आकडा का नसतो, हेही त्यांनी सांगितले. तो शेवटाजवळ पोहोचल्यावर उमटतो म्हणे.

आम्ही अजून तेथवर गेलेलो नाही. काल गणोबा परतला, डोळे नीट होते. भेट म्हणून पुन्हा सडके मांस आले आहे.