बिनतारी तबकडी

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी मला एक तबकडी भेट दिली. फोन तिच्यावर नुसता ठेवायचा, की झाला चार्ज! तार खुपसण्याची कटकट नाही. सौभाग्यवतींना ती इतकी आवडली, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्यासाठी क्रोशाचा गोल रुमाल विणला. पूर्वी आमच्या रेडिओवर अस्साच एक असे. त्या रुमालावर, जाड चामडी पाकिटासकट, आमचा फोन रात्रभर विराजमान होऊ लागला. सकाळी तो उकडलेल्या बटाट्यासारखा लागे. पोटभर जेवल्याची ऊब असावी, असे मी समजत असे.

दिवसाही तेच. ९७ चा आकडा दिसला, की चालला फोन तबकडीवर. तीन टक्क्यांची तूट मला सोसवत नसे.

गेल्या मे महिन्यात अक्का सांगलीहून यायची होती. वय ७६, एकटी, आणि गाडी भल्या पहाटेची. आदल्या रात्री फोन रुमालावरून बोटभर सरकला, त्यामुळे सकाळी पाहतो तो २२ टक्केच! एवढे पुरेत, असे म्हणून मी दादर गाठले. गाडी आली, अक्का उतरली नाही. फोन लावायला जातो, तो पडदा काळाठिक्कर!

झाले होते असे, की अक्का झोपेच्या गुंगीत कल्याणलाच उतरली होती. तिने मला सात वेळा फोन केला. दोन तास ती बाकावर ट्रंकेला पाय लावून बसून होती. शेवटी एका भल्या मुलाने तिला लोकलमध्ये बसवून दिले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "अरे, फोन तरी उचलायचास." रागावली असती, तर बरे वाटले असते.

बॅटरी बदलणाऱ्या मुलाने जुनी बाहेर काढली, तेव्हा तिचे पोट फुगलेले होते. "काका, रात्रभर तापवता काय हिला?" त्याने विचारले. मग त्यानेच समजावून दिले. तबकडीत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, फोनच्या पाठीत दुसरे. फॅरडेने १८३१ साली दाखवलेल्या युक्तीने वीज एकातून दुसऱ्यात जाते. पण मध्ये रुमाल नि पाकीट आले, किंवा वेटोळी समोरासमोर नसली, की बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जाते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि सदैव काठोकाठ भरलेले राहणेही सोसत नाही. मी दोन्ही एकदम पुरवत होतो! अशी थकलेली बॅटरी आकडा २२ दाखवते खरी. पण फोनने एकदम जोर मागितला, की तिचा दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. पूर्ण संपल्याशिवाय भरू नये, हा माझ्या एका मित्राचा सल्लाही त्याने मोडीत काढला. तो म्हणे निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला.

तबकडी बिचारी निर्दोष! ती अजून आहे. पाकीट काढून, फोन नीट मध्यावर ठेवतो आणि ८० ला थांबण्याची सोय फोनमध्ये आहे, ती चालू केली आहे. रुमाल पुन्हा जुन्या रेडिओवर गेला. सौभाग्यवती दोन दिवस गप्प होत्या.

अक्का मात्र रोज रात्री नवाला फोन करते. आधी प्रकृती विचारीत असे. आता पहिला प्रश्न, "बाळ, ऐंशी झाले का रे?"