वैऱ्याच्या हातची बातमी

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानं ॲन बोलिनला लिहिलेली 17 प्रेमपत्रं आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. तिनं त्यांना दिलेल्या उत्तरांपैकी एकही उरलेलं नाही. दरबारात ती कशी वागायची, कुणावर चिडायची, राजाशी कशावरून भांडायची हे आज जे सांगता येतं, त्यातलं पुष्कळसं एकाच माणसाच्या पत्रांतून येतं. आणि तो माणूस तिचा वैरी होता.

यूस्टास शापुई हा मूळचा सव्हॉय प्रांतातल्या ॲनसीचा, पेशानं कायदेपंडित. 1529 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजदूत म्हणून तो लंडनला आला आणि मधले छोटे खंड सोडले तर 1545 पर्यंत तिथंच राहिला. ज्या राणीला टाकून हेन्रीला ॲनशी लग्न करायचं होतं, ती कॅथरीन सम्राटाची सख्खी मावशी. तिची बाजू लढवण्यासाठीच शापुईची नेमणूक झाली होती. 1533 मध्ये हेन्रीनं ॲनशी लग्न केलं, तिला राणीचा मुकुट घातला; पण शापुईच्या पत्रांत ती राणी कधीच झाली नाही. तो तिचा उल्लेख ‘रखेल’ असा करत राहिला आणि तिच्या मुलीला, म्हणजे पुढच्या थोर एलिझाबेथला, अनौरस म्हणत राहिला.

पत्रं तो फ्रेंचमध्ये लिही, त्यातला नाजूक मजकूर सांकेतिक लिपीत. बातम्या मिळवण्याची त्याची व्यवस्था पक्की होती. कॅथरीनच्या पदरची जुनी माणसं त्यानं आपल्याकडे ठेवून घेतली. ॲनवर खार खाऊन असलेल्या सरदारांच्या घरून त्याला निरोप येत. दरबारात मुख्य सचिव थॉमस क्रॉमवेलशी त्याच्या तासन्‌तास गप्पा चालत, आणि त्या गप्पांत कोण कुणाला खेळवतंय हे दोघांनाही ठाऊक असे. अशा माणसाच्या हातून ॲनबद्दल काही बरं लिहिलं जाईल, अशी अपेक्षा कुणी ठेवणार नाही.

1536 च्या जानेवारीत कॅथरीन किंबोल्टनच्या गढीत आजारी होती. शापुई तिला भेटायला गेला, चार दिवस राहिला. तिला जरा आराम वाटतोय असं पाहून तो परतला आणि 7 जानेवारीला ती गेली. महिनाअखेरीस पीटरबरोला तिचा दफनविधी झाला, त्याच दिवशी ॲनचा गर्भपात झाला. गर्भ साडेतीन महिन्यांचा आणि बहुधा मुलाचा होता, असं शापुईनं कळवलं. त्याच सुमारास त्याच्या कानावर एक गोष्ट आली: राजा एका विश्वासातल्या माणसाला म्हणाला की, हे लग्न आपण चेटकाला भुलून केलं. शापुईनं ती सम्राटाला लिहिली, पण सोबत हेही लिहिलं की, बातमी चांगल्या ठिकाणाहून आली असली तरी विश्वास ठेवणं फार कठीण आहे.

पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पत्रातली बातमी शतकं ओलांडून आली आणि ‘चेटकीण ॲन’ कथा-कादंबऱ्यांत, चित्रपटांत स्थिरावली. शापुईची शंका मात्र वाटेत गळून गेली. ॲनवर पुढं प्रत्यक्ष चाललेल्या खटल्यात चेटकाचा आरोप नव्हताच. तिच्या सहाव्या बोटाची कथाही अशीच. ती निकोलस सँडर या कॅथलिक लेखकाच्या 1585 मध्ये छापलेल्या पुस्तकात येते, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तिच्यात खोट शोधणाऱ्या शापुईच्या इतक्या वर्षांच्या पत्रांत त्या बोटाचा उल्लेखही नाही. त्याच्या नजरेतून असं काही सुटलं असतं, हे पटत नाही.

1536 च्याच 18 एप्रिलचा ग्रीनिचच्या राजवाड्यातला प्रसंग त्यानं बारकाईनं लिहून ठेवला आहे. ईस्टरचा सप्ताह होता. सम्राटाशी पुन्हा मैत्री जुळवण्याची बोलणी चालली होती. ॲनचा भाऊ जॉर्ज त्याला मोठ्या अगत्यानं आत घेऊन गेला. ॲनला भेटून तिचं चुंबन घ्यावं असं सुचवण्यात आलं, ते त्यानं टाळलं. पण प्रार्थनामंदिरात तो ज्या दाराआड उभा होता त्याच दारातून ती आली. तो तिथं आहे हे कळताच ती मुद्दाम वळली आणि तिनं अभिवादन केलं. भरल्या मंदिरात राजदूताला मान लववण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. हे ऐकून कॅथरीनच्या मुलीच्या, मेरीच्या, गोटातली माणसं दुखावली आणि शापुईला खुलासे करत बसावं लागलं. ॲननं मिळवलेला हा शेवटचा विजय म्हणता येईल. दोनच आठवड्यांनी, 2 मे रोजी, तिला अटक झाली.

आरोप व्यभिचाराचे होते. पाच पुरुषांशी, त्यांत सख्ख्या भावाशी. आरोपपत्रात दिलेल्या अनेक तारखांना ॲन त्या ठिकाणी नव्हतीच, हे इतिहासकारांनी पुढं दाखवून दिलं. पण खटल्याचा पोकळपणा त्याच वेळी कागदावर आणणाऱ्यांत तिचा हा वैरी होता. 19 मेच्या पत्रात शापुई लिहितो की, मार्क स्मीटन हा वादक सोडला तर बाकीच्यांना केवळ संशयावरून दोषी ठरवलं गेलं, ना सबळ पुरावा ना कबुली. भावानं इतकी समर्पक उत्तरं दिली की तो सुटेल म्हणून लोक दहाला एक अशा पैजा लावत होते. खटला पाहायला दोन हजारांवर माणसं जमली होती. एक प्रश्न जॉर्जला कागदावर लिहून दिला गेला. तो मोठ्यानं वाचायचा नाही, अशी ताकीद होती. राजाला पौरुष नाही असं ॲन आपल्या भावजयीला म्हणाली होती का, असा तो प्रश्न. जॉर्जनं कागद हातात घेतला आणि सगळ्यांसमोर खणखणीत वाचून दाखवला. आपलं मरण ठरलेलं आहे हे त्याला कळून चुकलं असावं.

त्याच पत्रात आणखी एक नोंद आहे. कैदेत ॲनवर नजर ठेवायला नेमलेल्या एका बाईनं शापुईला गुपचूप निरोप धाडला: प्रसाद घेण्याआधी आणि घेतल्यावरही ॲननं आत्म्याच्या शपथेवर सांगितलं की, राजाशी ती कधीही बेइमान झाली नाही. हे कळवायला शापुई कुणाला बांधील नव्हता. न लिहिता तर त्याच्या धन्याला बरंच वाटलं असतं. त्यानं ते लिहिलं, आणि मरणाला सामोरं जाताना तिनं दाखवलेल्या धैर्याची दादही दिली. द्वेष आणि प्रामाणिकपणा एकाच माणसात इतक्या जवळ नांदताना पाहिले की मन भरून येतं.

त्याच दिवसांत दरबारची बातमी दुसऱ्याही वाटेनं बाहेर जात होती. कॅलेचे इंग्लिश सुभेदार लॉर्ड लाइल यांचा कारभारी जॉन हसी लंडनमध्ये असे. धन्याची कामं करता करता तो लॉर्ड आणि लेडी लाइलना पत्रं लिही. ॲनवर प्रथम बोट ठेवणाऱ्या बायका कोण, याची नावं तो कळवतो. वर्षभरानं, ॲननंतर हेन्रीची राणी झालेल्या गरोदर जेन सीमोरला लावे खायचे डोहाळे लागले, तेव्हा कॅलेहून लावे येऊ लागले. पक्षी चांगले धष्टपुष्ट हवेत, अशा सूचना हसी धाडू लागला. त्या लाव्यांच्या जोरावर लेडी लाइलच्या एका मुलीला राणीच्या दासींत जागा मिळाली. पुढं 1540 मध्ये लाइलना अटक झाली, घरातले कागद जप्त झाले, आणि त्या जप्तीमुळेच सुमारे तीन हजार पत्रं आज वाचायला मिळतात.

हसी मोकळेपणानं लिहितो, पण तो चाकर आहे. आरोप झाले म्हणजे ते खरेच असणार, असं तो धरून चालतो. शापुईला प्रश्न पडतात. 6 जूनच्या पत्रात त्यानं क्रॉमवेलचं एक बोलणं नोंदवलं आहे: ईस्टरच्या त्या दिवसांत राजाची नाराजी झेलल्यावर ॲनचं सारं प्रकरण आपणच रचलं, अशा अर्थाचं. क्रॉमवेल खरं बोलत होता, की सम्राटाच्या माणसासमोर स्वतःचं वजन वाढवत होता, यावर विद्वान अजून भांडतात. पण भांडायला आधार आहे तो या एका पत्राचा.

आणि जेन सीमोर? ती राणी होणं हे शापुईच्या गोटाला हवंच होतं. तिच्या बाजूच्या लोकांशी त्याचा संधान बांधण्याचा खटाटोप महिनाभर चालला होता. ॲनच्या शिरच्छेदाच्या आदल्या दिवशी त्यानं जेनचं वर्णन लिहून पाठवलं: बांधा मध्यम, रूप फारसं नाही, रंग गोरा म्हणण्यापेक्षा फिकटच, वय पंचविशीच्या पुढं. इतकी वर्षं इंग्लिश दरबारात काढल्यावर ती अजून कुमारिका असेल का, अशी शंकाही त्यानं सोबत जोडली.